फुकटच्या गाडीची वॉरंटी

मोताळ्यात लाल रंगाची, दोनच माणसं बसणारी, छत मागे सरकणारी स्पोर्ट्स कार एकच होती, आणि ती आमच्या घरची होती हे आमचं दुर्दैव. तिने आम्हाला जेवढं छळलं तेवढं नात्यातल्या कुणी छळलं नसेल, आणि आमचे नातेवाईक त्या बाबतीत काही कमी नाहीत.

बाबांनी ती विकत घेतलेली नव्हती. ती त्यांना लागली होती. बाबांचं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान. बीटी कपाशी भरात होती तेव्हा एका बियाणे कंपनीने आपल्या दुकानदारांसाठी सोडत ठेवली. जत्रेत कधी प्लास्टिकची बादलीसुद्धा न लागलेल्या माझ्या बाबांना पहिलं बक्षीस लागलं. बैलजोडीएवढी जागा लागणारी आणि एका बैलाएवढंही काम न करणारी गाडी ट्रकमधून उतरली तेव्हा अख्खा बाजार बघायला आला होता. पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं. तरी लोकांना तिचं कौतुक होतं. बाबा बाजाराच्या दिवशी छत उघडून हळूहळू जायचे आणि शेतकरी एकमेकांना सांगायचे, "आपल्या दुकानदाराची हाये."

मग गुलाबी बोंडअळी आली. गौरी-गणपतीच्या सुमारास कपाशीची फुलं उमलेनाशी झाली. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या वळायच्या. आमच्याकडे तिला डोमकळी म्हणतात. ती फोडली की आत अळी. पुढे बोंडं आली तीही आतून किडलेली, कापूस वेचायला बाई लावावी तर वेचण्यासारखं काही नाही. ज्या बियाण्यावर अळी येणारच नाही असं सांगून बाबांनी ते तालुकाभर विकलं होतं, त्यावरच ती आली.

यात बाबांची स्वतःची एक चूक होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. बीटीच्या प्रत्येक पिशवीबरोबर साध्या कपाशीच्या बियांची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे थोड्या अळ्या तिथे जगतात आणि बीटीला सरावलेल्या अळ्यांचीच पैदास होत नाही, असं कंपनीचं म्हणणं. आमच्या भागात ती कोणी पेरत नसे. स्वतःच्या वावरात अळीसाठी वेगळं ताट कोण मांडणार? लोक दुकानाच्या पायरीवरच पिशवी फोडायचे आणि पुडी दाखवून विचारायचे, हिचं काय करू? बाबा म्हणायचे, "फेकून दे. माही ग्यारंटी."

असं ज्यांना सांगितलं त्यांत बाबांचा शाळेपासूनचा मित्र होता. मी त्यांना काकाच म्हणत आले. मोताळ्याला लागूनच त्यांचं गाव, चांगली विहिरीची शेती, आणि ताठ मान. अळी पडल्यावर ते कंपनीच्या माणसाला घेऊन आमच्या दुकानात आले. त्या माणसाने शांतपणे पिशवीतलं पत्रक उघडून दाखवलं. कडेची पुडी पेरली नसेल तर कंपनी जबाबदार नाही. "इथं लिहिलेलं आहे," तो म्हणाला. काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा गिऱ्हाइकाला युरिया काढून द्यायला आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. त्या दिवसापासून काकांनी आमच्या दुकानाची पायरी सोडली.

एके सकाळी गाडीच्या बॉनेटवर किडक्या बोंडांची रास पडलेली होती. कोणी टाकली ते कळलं नाही आणि बाबांनी शोधलंही नाही. त्यांनी रास स्वतःच्या हाताने उचलली, गाडीवर ताडपत्री टाकली आणि तिचं नाव काढणं सोडलं.

पण त्या उन्हाळ्यात एका शेतकऱ्याच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा बाबा आपणहून म्हणाले, नवरदेवासाठी माझी गाडी न्या. आमच्याकडे नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत वाजतगाजत आणतात. कोणी घोडा करतं, कोणी जीप. बाबांनी ताडपत्री काढली, झेंडूच्या माळा लावल्या, शेजारी नवरदेवाला बसवला आणि स्वतः ड्रायव्हर झाले. पेट्रोल स्वतःचं. मग दुसरं लग्न, तिसरं, आणि पुढे लग्नसराई म्हटली की आमची गाडी ठरलेलीच. बियाणं ज्याने ज्याने नेलं होतं त्याच्या घरी ती जायची. मी खामगावला कॉलेजात शिकवते. सुट्टीत घरी यावं तर बाबा कुठल्यातरी गावात बॅण्डच्या मागे माणसाच्या चालीने गाडी चालवतायत, क्लच जळल्याचा वास येतोय, आणि वऱ्हाडी बॉनेटवर बसून फोटो काढतायत. मला राग यायचा. एवढं वाटतं तर दोन शब्द बोलून मोकळे व्हा ना, मी म्हणायचे. बाबा म्हणायचे, "तुले नाही समजत त्यातलं."

आणि मग एका दुपारी काका आले. पायरी चढले नाहीत. रस्त्यावरूनच म्हणाले, "पोरीचं लग्न हाये. जावयाले गाडी लागन. त्या दिवशी दुसऱ्याले नको देऊ." आणि उत्तराची वाट न बघता गेले. बाबा दुकानात उभे होते, मी गल्ल्यावर. मला म्हणाले, "ऐकलं काय? तो आला होता." त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांचं भांडणसुद्धा क्षणभर आवडलं.

आता गाडी जायलाच हवी होती. आणि नेमकं त्याच आठवड्यात तिचं छत अर्ध्यात अडकलं. ना उघडं, ना बंद. पावसाळी बेडकाने आ वासावा तशी ती दारात उभी राहिली.

कंपनीला फोन केला. छताची मोटर बदलावी लागेल, परदेशातून येईल, वॉरंटीत आहे, पैसे लागणार नाहीत. इथवर सगळं छान. पण वॉरंटी महिनाअखेरीला संपते आणि मोटर त्याच्या नंतर, लग्नाच्या जेमतेम आधी येते. मोटर बसवायच्या दिवशी वॉरंटी चालू पाहिजे. म्हणून ती आधी वाढवून घ्या. वाढवायची तर गाडीची तपासणी हवी. तपासणी औरंगाबादला. बाबांच्या ऐपतीत ती मोटर विकत घेणं नव्हतंच, तेव्हा वॉरंटी वाढली तर छत, छत झालं तर लग्नाला गाडी, एवढा सरळ हिशेब होता.

वेळ ठरवायला संगणकावर गाव निवडायचं होतं. यादीत मोताळा नाही. बुलडाणाही नाही. फोनवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मोताळा म्हणजे ठाण्याजवळ का?" मी म्हटलं, हो, ठाण्याहून एक रात्र पुढे. तिने मनापासून आभार मानले आणि मला ठाण्याच्या शोरूमची वेळ दिली. ती रद्द करायला मला त्याच फोनवर पुन्हा पहिल्यापासून सगळी बटणं दाबावी लागली. त्या काळात माझ्या तोंडून जे शब्द गेले ते माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकले असते तर माझा तास कोणी चुकवला नसता.

शेवटी एप्रिलच्या उन्हात, अर्धवट छताखाली, मी डोक्याला ओढणी आणि बाबांनी उपरणं गुंडाळून राजूरचा घाट चढलो. बुलडाणा, मग सिल्लोड. ऊन नेमकं बाबांच्या बाजूला यायचं. एका ट्रकवाल्याने शेजारून जाताना विचारलं, "काऊन काका, पैशे कमी पडले काय वरच्या अर्ध्याले?" बाबा हसले. मला हसू आलं नाही.

वर्कशॉप थंडगार होतं, इतकं स्वच्छ की बाबांनी दारात चपला काढल्या. टाय लावलेल्या एका तरुणाने आमचं स्वागत केलं, बाबांना सर म्हटलं, सरबत दिलं. मग हातात टॅब घेऊन तो गाडीभोवती फिरू लागला. बॉनेटवर चिकटपट्टीचे डाग. आरशाच्या कडेत वाळलेला झेंडू. त्याने नवरदेवाच्या जागेवरचं पायपुसणं उचललं आणि तो थांबला.

"मॅडम, हे काय आहे?"

खालच्या गालिच्यात ज्वारी उगवली होती. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, हळदकुंकू लावलेल्या. इतक्या लग्नांत नवरदेवाच्या अंगावर पडलेल्या त्या सांदीत साठल्या, अडकलेल्या छतातून कोणीतरी गाडी धुताना पाणी आत गेलं, आणि बोटभर उंचीची पिवळट रोपं तरारून आली होती. बाबांनी वाकून बघितलं आणि त्यांच्यातला दुकानदार जागा झाला. "उगवण चांगली हाये," ते म्हणाले.

तो तरुण हसला नाही. "म्हणजे गाडी लग्नांना जाते?"

"हाव, जाते ना."

"भाड्याने?"

"नाही जी. फुकट."

आता तो हसला. "सर, स्पोर्ट्स कार लग्नांना फुकट कोण देतं?" मग त्याने आम्हाला पुस्तिका दाखवली. गाडी भाड्याने फिरवली तर वॉरंटी वाढवता येत नाही. "इथं लिहिलेलं आहे, सर."

बाबांनी सरबताचा ग्लास खाली ठेवला. हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं, स्वतःच्या दुकानात, आणि ते कोणापुढे बोललं गेलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर भांडायची त्यांची उमेदच गेली. भांडण माझ्याकडे आलं. मी विचारलं, फुकट दिली हे सिद्ध कसं करायचं? पैसे घेतल्याची पावती असते, न घेतल्याची कुठे मिळते? तो म्हणाला, ज्यांच्याकडे गाडी गेली त्यांच्यापैकी कोणी सांगितलं तरी चालेल. फोनवरसुद्धा चालेल, तो नोंद करून घेईल. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या टॅबमध्ये 'फुकट' असा पर्याय नव्हता.

मी म्हटलं, बाबा, लावा फोन कोणालाही. एक मिनिटाचं काम.

ते एक मिनिटाचं काम माझ्या बाबांनी ज्या पद्धतीने केलं ते आठवून मला आजही कपाळावर हात मारावासा वाटतो. आमच्याकडे केलेला उपकार बोलून दाखवणं म्हणजे हलकेपणा. 'मी तुम्हाला गाडी फुकट दिली होती ना, तेवढं यांना सांगा,' हे वाक्य बाबांच्या तोंडून मेले तरी निघालं नसतं. त्यांनी एका शेतकऱ्याला फोन लावला, पीकपाणी विचारलं, सुनेची तब्येत विचारली, आणि मग खाकरून म्हणाले, "नाही, म्हटलं, त्या गाडीच्या भाड्याचं आपलं काही बोलणं झालतं काय तेव्हा?"

 पलीकडून अतिशय थंड आवाजात, "नव्हतं झालं. द्याचं हाये काय?"

"नाही नाही, तसं नाही..."

"नाही, सांगा ना. पाठवून देतो." फोन बंद.

मी म्हटलं, अहो, सरळ बोला! बाबांनी दुसऱ्याला लावला. त्यालाही पीकपाणी, त्यालाही सून, आणि त्यालाही तेच वाकडं वाक्य. तिसऱ्याला लावेपर्यंत त्याचा फोन व्यस्त येऊ लागला. तिथे काय चाललंय ते मला औरंगाबादेत बसून दिसत होतं. दुकानदार गाडीचं भाडं मागायला लागला, ही बातमी पारावरून पारावर पोहोचत होती. टायवाला तरुण विनयाने म्हणाला, "सर, तुम्ही तर त्यांच्याकडून भाडं मागताय असं वाटतंय." मला त्याचा टाय आवळावासा वाटला, कारण त्याचं बरोबर होतं.

मग बाबांचा फोन वाजला. काकांचा होता. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. 

"काय बे," काकांचा आवाज सगळ्या वर्कशॉपमध्ये घुमला. "भाडं मांगून राह्यला तू? लोकाइले फोन करू करू?"

"अरे, ऐक तर..."

"काय ऐकू? इतकी लग्नं फुकट लावली. पेट्रोल तुह्या खिशातलं, कोणाच्या घरचा चहा नाही घेतला, मांडवातून तसाच वापस आला दर वक्ती. लोकं म्हणत, जेऊन तर जा, त हा गाडीत बसून रायते. अन् आता भाडं मांगतं? मले सांगतलं असतं त मी देलं असतं भाडं. पण असं लोकाच्या दारात?"

टायवाला टॅब छातीशी धरून ऐकत होता. त्याने हळूच बोटाने टॅबवर एक खूण केली आणि मला मान हलवून दाखवलं, झालं म्हणून. वॉरंटी वाढली होती. या शिव्यांइतका भक्कम पुरावा त्याला पुस्तिकेतही सापडला नसता. मी बाबांच्या हातातून फोन घ्यायला गेले, कारण आता फोनची गरज उरली नव्हती. बाबांनी दिला नाही.

"भाडं नाही मांगत बे," ते म्हणाले. "हे साहेब इचारून राह्यले, फुकट काऊन देतं म्हणून. फुकट कोणी देत नसते म्हणे."

"मंग सांग ना त्याले."

बाबा स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले.

"सांग ना," काका म्हणाले. आवाज आता खाली आला होता. "काऊन देतं फुकट? मलेही ऐकू दे. मले त तू कधी सांगतलं नाही."

वर्कशॉपमध्ये कुठेतरी हवा भरायचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. बाबांनी त्या तरुणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कोणाकडेच न बघता म्हणाले, "पुड्या मी फेकायले लावल्या होत्या. तुले बी मीच सांगतलं. कंपनीचा माणूस आला तवा मी आत पळून गेलो. माह्यात हिंमत नव्हती."

 

"लई येळ लावला बे तू," काका म्हणाले. "इतकी गाडी फिरवली, पण हे नाही बोलला."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भानही त्यांना नव्हतं. मी चिडलेच होते अजून. त्यांच्यावर, काकांवर, इतकी वर्षं एका वाक्यासाठी क्लच जाळत फिरलेल्या त्या लाल डब्यावर. पण मला रडूही येत होतं, ते काही केल्या थांबेना. टायवाल्याने आम्हा दोघांपुढे कागदी रुमालांचा डबा ठेवला.

"गाडी राहू दे," काका म्हणाले. "जावई घोड्यावर येईन. तू ये. अन् गाडीत बसून नको राहू, जेवाले बस."

मोटर लग्नाच्या आधी आली नाहीच. वाढवलेली वॉरंटी, शिक्का मारलेली, दुकानातल्या खिळ्याला लटकत होती आणि गाडी आ वासून ताडपत्रीखाली होती. आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून लग्नाला गेलो. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. काका मांडवात कोणाशी फार बोलत नव्हते, पण पंगत बसली तेव्हा त्यांनी वाढणाऱ्याच्या हातातून तुपाचं भांडं घेतलं आणि स्वतः बाबांसमोर आले. बाबांच्या बट्टीवर तूप सोडताना सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "यंदा कोणतं बियाणं लावू बे?"

आजूबाजूच्या पानांवरचे हात थांबले. त्या पंगतीत निम्मी तरी आमची गिऱ्हाइकं होती. आयुष्यभर या प्रश्नाला बाबांनी कधी घास गिळायचाही वेळ घेतला नव्हता.

"मले नाही सांगता येत," बाबा म्हणाले. "मी इकतो, पण मले खरंच माहीत नाही."

काका तसेच वाकून उभे राहिले. मग त्यांनी भांडं आणखी कलतं केलं.

"बरं," ते म्हणाले. "जेव."